पुसून दिलंय, असं मी सांगितलं होतं

नवीन पनवेलला फरसाणाच्या दुकानाच्या डोक्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बावीस वर्षं चालवलं. जिना चढून आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागे बघायचं आणि विचारायचं, "सर नाहीत का?" पहिली काही वर्षं मी "मीच सर" असं सांगत होते. त्यावर लोक कॉम्प्युटर उचलून परत निघायचे. मग मी "सर जेवायला गेलेत, तोवर मी उघडून बघते" असं सांगायला लागले. काम सुरळीत व्हायला लागलं. तेव्हापासून दुकान बंद होईपर्यंत सर जेवतच होते, आणि कोणी त्याबद्दल तक्रार केली नाही.

धंद्यातले अनुभव लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा जळालेले मदरबोर्ड आठवले, कीबोर्ड उलटा केल्यावर पडलेली शेव आठवली, आणि एका प्रिंटरमधून निघालेली पाल. पण ते वाचून कोणाचा काही फायदा होणार नाही. त्यापेक्षा जुना कॉम्प्युटर कोणाला देऊन टाकण्याआधी तो पुसायचा असतो, त्या कामाबद्दल लिहिते. हे काम मी शेकड्यांनी केलं. एकदा केलं नाही, आणि केलं म्हणून सांगितलं. लिहिण्यासारखं तेच आहे.

आधी काम समजावून सांगते. डिलीटचं बटण दाबलं की फाइल गेली असं सगळ्यांना वाटतं. ती जात नाही. तुमच्या सोसायटीत खाली नावांची पाटी असते. तीनशे दोन, कुलकर्णी. उद्या कोणी पाटीवरचं ते नाव पुसलं तर पोस्टमनला कुलकर्णी सापडणार नाहीत, पण कुलकर्णी तिसऱ्या मजल्यावर चहा पीत बसलेलेच असतील. कॉम्प्युटर असंच करतो. डिलीट करा, कचऱ्याची टोपली रिकामी करा, अगदी झटपट फॉरमॅट मारा, तो फक्त पाटी पुसतो. दुसरं कोणी राहायला येईपर्यंत जुनी मंडळी आतच असतात. त्यांना शोधून काढणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळतात आणि कॉलेजातल्या कोणालाही चालवता येतात. खरोखर पुसायचं तर डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक जागी शून्य लिहीत जावं लागतं. जुन्या डिस्कला त्यासाठी चार-पाच तास लागतात. तेवढ्या वेळात कॉम्प्युटर दुसरं काही करत नाही, आणि गिऱ्हाईक दर वीस मिनिटांनी फोन करतं.

पुसण्याआधी मी प्रत्येकाला विचारायचे, "हवं ते सगळं दुसरीकडे ठेवलंत ना?" खारघरच्या एका प्राध्यापकांनी मोठ्या खात्रीने सांगितलं, "हो हो, सगळं डी ड्राइव्हला टाकलंय." डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असतो. म्हणजे घर पाडायचं आहे म्हणून माणसाने दागिने हॉलमधून उचलून बेडरूममध्ये ठेवावेत, तसं. हे सांगितल्यावर ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. आत त्यांचा सात वर्षांचा प्रबंध होता.

दुसरे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते आणि त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. त्यांनी घरीच ड्रिल मशीनने कॉम्प्युटरच्या पेटीला चार भोकं पाडून आणली. "डेटा नष्ट केलाय," म्हणाले, "भंगारात देण्याआधी फक्त एक नजर टाका." चारही भोकं पॉवर सप्लायमधून आरपार गेली होती. हार्ड डिस्क शेजारी सुखरूप होती, आणि तिच्यात 'पासवर्ड' या नावाची एक फाइल होती, तीही सुखरूप होती. मी त्यांना विचारलं, "भोकं पाडताना प्लग काढला होतात ना?" त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

अशा लोकांच्या गोष्टी मी घरी हसून सांगायचे.

जुन्या पनवेलात डॉ. सबनीस नावाच्या बायकांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या प्रसूतिगृहाच्या बाकावर अर्ध्या तालुक्यातल्या बायका कधी ना कधी बसलेल्या होत्या. उरणकडच्या कोळणी, सुकापूर-कामोठ्याच्या मुली, खारघरच्या टॉवरमधल्या नोकरदार. माझी मुलगीसुद्धा तिथलीच. सत्तरी ओलांडल्यावर डॉक्टरांनी प्रसूतिगृह बंद केलं. तिथे दोन कॉम्प्युटर उरले होते. एक कामोठ्याच्या अभ्यासिकेला द्यायचा होता आणि दुसरा डोंगराच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेला. हव्या त्या नोंदी डॉक्टरांनी वेगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. मला म्हणाल्या, "सुनंदाबाई, यात बायकांचं सगळं आहे. काही म्हणजे काही राहता कामा नये."

"काळजीच करू नका," मी म्हटलं.

अभ्यासिकेचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी दोन्ही कॉम्प्युटर दुपारी लावायला घेतले आणि लाईट गेली. ती आली संध्याकाळी. घरी माझ्या नणंदेकडची माणसं जेवायला येणार होती आणि भाकऱ्या मलाच करायच्या होत्या. मी दोन्ही डिस्कना झटपट फॉरमॅट मारला, नवीन विंडोज टाकलं, पडद्यावर धबधब्याचं चित्र लावलं आणि पेट्यांवर आमच्या दुकानाचं स्टिकर चिकटवलं. मग डॉक्टरांना फोन केला. "पुसून दिलंय," म्हटलं. ते म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही. भाकऱ्याही चांगल्या झाल्या होत्या.

चार महिन्यांनी एका दुपारी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी ती पेटी छातीशी धरून जिना चढून आली. खाली रिक्षा थांबलेली होती. मुलगी घामाने भिजली होती. तिने सरांची चौकशी केली नाही.

"मॅडम, यातलं सगळं कायमचं पुसता येतं?"

"येतं."

"परत कोणालाच काढता येणार नाही असं?"

"हो."

"मग आधी का नाही पुसलंत?"

तिचं बोट माझ्या स्टिकरवर होतं. मी तिला बसायला सांगितलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

तिचं नाव प्राजक्ता. कामोठ्याच्या जुन्या गावात राहणारी, स्पर्धा परीक्षेसाठी रोज त्या अभ्यासिकेत बसणारी. तिने स्वतः काढलेल्या नोट्स चुकून डिलीट झाल्या होत्या. इंटरनेटवर शोधून तिने हरवलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्रॅम चालवला. नोट्स परत आल्या. त्यांच्याबरोबर दुसऱ्याही फाइली आल्या, पडदाभर, सरकवत राहिलं तरी संपेनात. प्रत्येक फाइलीला एका बाईचं नाव, गाव आणि वर्ष.

"बंद करायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"मग?"

"आधी आमच्या आडनावाच्या आहेत का बघितलं. मग..." तिने ओढणीने तोंड पुसलं. "मग होणाऱ्या वहिनीचं नाव टाकून बघितलं."

तिचा मोठा भाऊ नितीन. त्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मुलगी सुकापूरची, श्रद्धा, तिथल्याच एका चष्म्याच्या दुकानात कामाला. श्रद्धाच्या नावाची फाइल सापडली. डॉक्टरांनी दुसऱ्या एका डॉक्टरांना लिहिलेलं पत्र होतं. एकोणिसाव्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं होतं, एक अंडाशय काढावं लागलं होतं, दुसऱ्याचीही अवस्था फारशी बरी नव्हती. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, असं शेवटी लिहिलेलं होतं.

"आमच्या आईने नातवाचं नाव आत्तापासून ठरवून ठेवलंय," प्राजक्ता म्हणाली. "चार दिवस झाले, मी दादाच्या तोंडाकडे बघू शकत नाहीये. त्याला सांगायचं की नाही, तेच कळत नाही. सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तर मी त्याला फसवलं."

"अभ्यासिकेत आणखी कोणी बघितलं?"

"नाही. तिथल्या सरांना सांगितलं, व्हायरस शिरलाय, दुरुस्तीला नेते."

मी डिस्क लावली आणि या वेळी पहिल्या जागेपासून शून्यं लिहायला घेतली. प्राजक्ता समोर बसून राहिली. मी खालून भेळ मागवली. ती तशीच मऊ पडली. मधेच ती म्हणाली, "हे पुसलं गेलं की मी पण विसरून जाईन. म्हणजे मग कोणालाच काही माहीत नसेल. झालंच ना मग?"

"झालं," मी म्हटलं.

मला तिचं म्हणणं अगदी पटलं होतं. माझ्या सोयीचं होतं ते. काम झाल्यावर मी तोच प्रोग्रॅम चालवून दाखवला, काही सापडलं नाही. विंडोज परत टाकलं आणि दुसरी रिक्षा बोलावून पेटी तिच्यात ठेवून दिली. ती गेल्यावर आठवलं की असा आणखी एक कॉम्प्युटर आश्रमशाळेत आहे.

शाळेचा पत्ता माझ्याकडे नव्हता, कॉम्प्युटर डॉक्टरांच्या ड्रायव्हरने पोचवला होता. गुपचूप जाऊन काम उरकावं, असा माझा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन केला आणि सर्व्हिसिंग करून द्यायचंय म्हणून पत्ता मागितला.

"न बोलावता सर्व्हिसिंगला कधीपासून जायला लागलात?" डॉक्टर म्हणाल्या. मी काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, "घरी या."

मी गेले तेव्हा त्या टेबलाशी बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. लाईट गेली होती इथपासून सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मान वर करून, "लाईटचं राहू दे," म्हटलं. मग मी लाईट सोडून सगळं सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वर्षांच्या नोंदी होत्या त्यात?"

"सतरा."

त्यांनी परात बाजूला सरकवली. "नवऱ्याला बाहेर बसवून बोलायच्या हो बायका माझ्याशी. सासूला बाहेर बसवून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची फाइलही त्यातच असणार."

चार महिन्यांत हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. माझ्या फाइलीत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आश्रमशाळेतला आजच्या आज पुसा. आणि त्या मुलीला सांगायला हवं."

"प्राजक्ताला?"

"श्रद्धाला."

"पण आता पुसलंय ना," मी म्हटलं. "वाचणारी एकच मुलगी, तीही कोणाला सांगणार नाही म्हणते. उगाच त्या पोरीच्या डोक्याला..."

"तिच्या पोटात काय आहे ते कोणाकोणाला कळलंय, हे तिलाच कळू द्यायचं नाही?" डॉक्टरांनी आवाज चढवला नव्हता. "माझ्याकडून गेलंय ते. मी येते तुमच्याबरोबर."

आश्रमशाळेत मी दुपारी पोचले. हेडमास्तरांनी कौतुकाने कॉम्प्युटर दाखवला. तो एका टेबलावर प्लॅस्टिकखाली होता, वर हळदकुंकू वाहिलेलं, आणि रोज ताजं फूल. कॉम्प्युटर शिकवणारे सर अजून रुजू व्हायचे होते, त्यामुळे चार महिन्यांत तो एकदाही चालू झालेला नव्हता. इतका सुरक्षित ठेवलेला डेटा मी धंद्यात दुसरा पाहिला नाही.

मी वर्गातच काम सुरू केलं. वीटभट्टीवर आणि रानात मजुरी करणाऱ्यांची मुलं होती. पडद्यावर टक्के पुढे सरकायला लागले तशी ती गोळा झाली आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायला लागली. बारा टक्के! तेरा टक्के! एका लहान मुलीने विचारलं, "बाई, काय पुसता?"

"नावं."

"कोनाची?"

"बायकांची."

"नि तिथं काय लिवता?"

"शून्य."

"सगल्यांच्या जागी शून्य?"

"हो."

"शून्य तं मना बी येतं," ती म्हणाली आणि तिची माझ्या कामाबद्दलची उत्सुकता संपली. बाकीच्यांनी शंभरपर्यंत साथ दिली. हेडमास्तरांनी मला नारळ दिला. तो नको म्हणायला मला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून घेतला.

त्याच संध्याकाळी प्राजक्ताला फोन केला. "शनिवारी मी आणि डॉक्टर श्रद्धाला भेटायला जातोय. काय घडलं ते सांगणार आहोत. तुझं नाव मी घेणार नाही. घ्यायचं असेल तर तू घे."

तिने फोन कट केला. दहा मिनिटांनी तिचाच आला. रडून झालेला आवाज होता. "मी पण येते."

सुकापूरच्या त्या चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि मालक जेवायला गेले होते. खरोखरचे. श्रद्धा काउंटरमागे एका चष्म्याची काडी बसवत होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली मुलगी. डॉक्टरांना बघून तिने काडी खाली ठेवली. डॉक्टरांच्या मागे प्राजक्ता दिसल्यावर तिचा चेहरा बदलला.

डोळे तपासायच्या आतल्या खोलीत तिने आम्हाला बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता होता. मी त्याच्याकडे बघत बोलले, कारण तिच्याकडे बघून बोलता येईना. मी कोण, मला कोणतं काम दिलं होतं, मी काय केलं आणि काय केलं म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "श्रद्धा, तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास. फाइल माझ्याकडून बाहेर गेली."

श्रद्धाने एवढंच विचारलं, "कोणी वाचलं?"

मी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचत राहिले.

"मी," प्राजक्ता म्हणाली. "मुद्दाम नाव टाकून शोधलं, वहिनी. आपोआप नाही सापडलं."

मग श्रद्धा म्हणाली, "नितीनला माहीत आहे. पहिल्याच भेटीत सांगितलं होतं मी. डॉक्टरांचं पत्र दाखवलं होतं."

प्राजक्ता रडायला लागली. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. मलाही वाटलं. संपलं, असं मनात येऊन मी पर्ससुद्धा उचलली.

"रडू नकोस," श्रद्धा तिला म्हणाली, आणि त्यात प्रेम नव्हतं. "नितीनला मी सांगितलं, कारण ते त्याला सांगायला हवं होतं. घरी सांगू नको, असं मीच त्याला म्हटलं होतं. आईंना मी माझ्या तोंडाने सांगणार होते, त्या घरात थोडी रुळल्यावर. तुला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, तेही मीच ठरवणार होते. ते तू ठरवलंस."

"मी कोणाला नाही सांगणार, वहिनी. आईची शप्पथ."

"तू नाहीच सांगणार. पण आईंनी नातवाचा विषय काढला की तू माझ्याकडे बघशील. आणि मला ते दिसेल."

प्राजक्ताने मान खाली घातली. श्रद्धा माझ्याकडे वळली. "असं केल्याने पुसलं जात नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"नीट पुसायला किती वेळ लागला असता?"

"पाच तास."

तिने मान हलवली, गिऱ्हाइकाने नंबर सांगितल्यावर हलवत असेल तशी. "लिहून द्या," म्हणाली. "उद्या कोणी म्हणालं की ही गोष्ट मीच गावभर केली, किंवा लपवून ठेवली आणि मग उघडी पडली, तर माझ्याकडे कागद हवा."

तिने दुकानाचं पॅड पुढे केलं. मी लिहिलं: कॉम्प्युटर पुसायचं काम मी घेतलं होतं. तो नीट पुसला नव्हता. पुसून दिला असं मी खोटं सांगितलं. त्यातून या मुलीची खाजगी माहिती दुसऱ्याच्या वाचनात आली. यात या मुलीचा काही दोष नाही. खाली सही केली.

तिने वाचलं. "शेवटचं वाक्य काढा. दोष कसला? आजारी पडल्याचा?"

मी पेन टेकवलं.

"खोडू नका. नवीन लिहा."

मी दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. पहिला तिने फाडून मुठीत धरला. डॉक्टरांनीही खाली सही केली. निघताना श्रद्धाने डॉक्टरांना पायरीपर्यंत हात दिला, कारण बाहेर ऊन होतं आणि त्यांना पायरी दिसत नव्हती. मी मागून एकटी उतरले.

पुढचं मला प्राजक्ताकडून कळलं. दुसऱ्याच दिवशी श्रद्धा नितीनला घेऊन कामोठ्याला गेली आणि तिने स्वतः त्याच्या आईला सगळं सांगितलं. लग्नानंतर, रुळल्यावर सांगायचं होतं, ते लग्नाआधी अठरा दिवस सांगावं लागलं. आई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला विचारलं, "तुला ठावं व्हतं?" तो हो म्हणाला. "मंग मना कशाला इचारता? पत्रिका वाटून झाल्यात," असं म्हणून त्या मासे साफ करायला बसल्या.

लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं, अपेक्षाही नव्हती. प्राजक्ता म्हणाली, हळदीत आई नाचल्या, पण तेव्हापासून त्या नातवाचं नाव काढत नाहीत. अजिबात काढत नाहीत, आणि ते सगळ्यांना ऐकू येतं. नणंद-भावजय कामापुरतं बोलतात. प्राजक्ता पुढे परीक्षा पास होऊन दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला गेली. जाताना भेटायला आली होती. तिच्या कामात लोकांचे अर्ज आणि कागद असतात. म्हणाली, "मॅडम, मी दुसऱ्याचं नाव कधी शोधत नाही."

डॉक्टर मला एकदा बाजारात भेटल्या. "तुम्ही कबूल केलंत ते बरं केलंत," म्हणाल्या. "मी घरी बोलावल्यावर केलंत." आणि भाजी घेऊन गेल्या.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. पुसून झाल्यावर गिऱ्हाइकाला समोर बसवायचे, फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवायचे आणि काही सापडत नाही हे दाखवायचे. लोकांना कंटाळा यायचा. "मॅडम, आमच्यात काही एवढं नाही हो, लग्नाचे फोटो आणि लाईटबिलं," असं म्हणायचे. ज्याच्यात काही नाही असा कॉम्प्युटर मी पाहिलेला नाही. ईमेल उघडा असतो, बँकेचा पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो, आधार कार्डाचा फोटो डेस्कटॉपवर असतो. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. अर्ध्या तासात फॉरमॅट मारून देणारे स्टेशनसमोर तिघे होते. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलत नाही. मीही ते काम अर्ध्या तासात केलेलं आहे.

गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर मी दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या महिन्यात एक दिवस श्रद्धा आली. थोडी भरली होती, चष्मा लागला होता. मधे सहा वर्षं गेली होती.

"ओळखलंत?"

"हो."

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "दुकानात नवीन मुलगी लागलीय, तिला द्यायचाय. पुसून हवाय."

"काय काय आहे यात?" मी सवयीने विचारलं.

"ते तुम्हाला कशाला हवं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

नव्या लॅपटॉपमधल्या डिस्क वेगळ्या असतात, त्यांच्यात फिरणारी तबकडी नसते. वरून शून्यं लिहिली तरी कुठेतरी काही मागे राहू शकतं. त्यांच्यासाठी एक वेगळी आज्ञा असते, ती दिली की डिस्क स्वतःच सगळं रिकामं करते आणि दोन-चार मिनिटांत मोकळी होते. इतकी वर्षं पाच-पाच तास बसल्यावर ते काम मला खोटंच वाटतं. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खुर्ची पडद्यासमोर ओढली.

"झालं," मी म्हटलं आणि फाइली शोधणारा प्रोग्रॅम काढायला लागले.

"थांबा." तिने पर्समधून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. त्यात प्रोग्रॅम होता. कुठून शिकली, मी विचारलं नाही. तिने तो स्वतः चालवला. शोध अर्धा तास चालला. खालून फरसाण तळल्याचा वास येत होता. ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती. शेवटी शून्य फाइली सापडल्याचं आलं. तिने ते वाचलं आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून चालवला. आणखी अर्धा तास. पुन्हा शून्य.

तिने लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला, चेन लावली आणि उठली. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. घरी आता सगळं कसं आहे, सासूबाई कशा आहेत, आणि त्याच्या पुढचा प्रश्न, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. ती जिन्याशी थांबली. मी विचारणार हे तिला कळलं असावं.

"सांभाळून उतरा," मी म्हटलं. "खालची पायरी फुटलीय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "येतानाच बघितली."